लहान धमन्यांचं रीमॉडेलिंग आणि त्यातलं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बीपीचा पेशंट आहे म्हणून विचारणारे आणि बी फार्म, एमएस्सी नाहीतर एमबीबीएस झाल्यावर पीएचडी कुठे करू म्हणून विचारणारे, अशा दोन्ही लोकांचे मेसेज मला येत असतात आणि प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी याच विषयात काम करते. ब्लॉकेज, बायपास, स्टेंट यावर मराठीत भरपूर वाचायला मिळतं, लहान धमन्यांवर जवळजवळ काहीच नाही, आणि बीपी खरं तर तिथे ठरतं.

लहान धमनी म्हणजे नेमकी केवढी?

आतून मोजली तर साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. त्याहून बारीक झाली की तिला आर्टेरिओल म्हणतात, पण शरीरात तशी काही रेषा आखलेली नसते, फांद्या फुटत फुटत बारीक होत जातात एवढंच. हृदयातून निघालेलं रक्त मोठ्या धमन्यांतून जाताना त्याचा सरासरी दाब फारसा उतरत नाही, पण या बारीक धमन्या आणि आर्टेरिओल ओलांडून केशवाहिन्यांच्या तोंडाशी येईपर्यंत तो ९० च्या आसपासवरून ३०-३५ वर आलेला असतो. म्हणजे रक्ताला सगळ्यात जास्त अडवणारा भाग हाच, म्हणून यांना रेझिस्टन्स आर्टरी असंही म्हणतात. यांच्या भिंतीत स्मूथ मसलचा थर असतो, तो आवळला की धमनी बारीक होते, सैल पडला की रुंद होते आणि हे दिवसभर चालूच असतं.

रीमॉडेलिंग म्हणजे नस ब्लॉक होणं का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. ब्लॉकेजमध्ये मोठ्या धमनीच्या आतल्या बाजूला चरबी, पेशी, कॅल्शियम साठत जातं. लहान धमन्यांत बीपीमुळे होतं ते वेगळं आहे, तिथे काही साठत नाही, भिंतीतल्या आहे त्याच पेशी आणि तंतू नव्या पद्धतीने रचले जातात. बटव्याची नाडी ओढली की कापड तेवढंच राहतं पण तोंड लहान होतं आणि कडेला जाड चुण्या पडतात, तसंच. भिंतीचा ऐवज तेवढाच, आतली पोकळी लहान, भिंत जाड. याला इनवर्ड युट्रॉफिक रीमॉडेलिंग म्हणतात. ऐवज वाढला तर हायपरट्रॉफिक, कमी झाला तर हायपोट्रॉफिक, आणि पोकळी मोठी झाली तर आउटवर्ड. ही नावं १९९६ साली या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून ठरवली, कारण तोपर्यंत जो तो आपापल्या अर्थाने रीमॉडेलिंग म्हणत होता आणि एकाचा पेपर दुसऱ्याच्या पेपरशी ताडूनच बघता येत नव्हता.

पोकळी थोडीशी लहान झाली तर एवढं काय बिघडतं?

खूप बिघडतं. नळीतून द्रव वाहताना होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, हा फिजिक्समधला प्वाझेचा नियम. त्रिज्या १० टक्के कमी झाली की अडथळा दीडपट होतो, २० टक्के कमी झाली की जवळपास अडीचपट. शिवाय भिंत जाड झालेली असल्यामुळे स्नायू तेवढाच आवळला तरी पोकळी आधीपेक्षा जास्त बंद होते. आणि उलट बाजूने, व्यायाम करताना वगैरे जेव्हा धमनी पूर्ण उघडायला हवी तेव्हा ती तेवढी उघडूच शकत नाही. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण यातूनच हृदय, मेंदू, किडनी यांना गरजेच्या वेळी रक्त कमी पडतं.

आधी बीपी वाढतं की आधी धमन्या बदलतात?

हा प्रश्न सत्तर वर्षं चालू आहे आणि मला स्वतःला यामुळेच या विषयाची गोडी लागली, म्हणून जरा लांब लिहिते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे ब्यॉर्न फोल्को यांनी १९५० च्या दशकात बीपीच्या पेशंटच्या हातातल्या रक्तवाहिन्या पूर्ण सैल पडतील अशी व्यवस्था करून रक्तप्रवाह मोजला. स्नायू आवळला म्हणूनच बीपी वाढत असेल तर तो पूर्ण सैल पडल्यावर पेशंट आणि निरोगी माणूस यांच्यात फरक उरायला नको होता. पण उरला. म्हणजे फक्त आवळणं नाही, रचनाच बदललेली होती. फोल्को यांचं म्हणणं असं की दाब थोडा वाढतो, धमनीची भिंत त्या दाबाला तोंड द्यायला स्वतःला बदलते, आणि बदललेली भिंत मग तो वाढलेला दाब टिकवून ठेवते.

पुढे १९६३ मध्ये जपानमधल्या क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी आपोआप बीपी वाढणाऱ्या उंदरांची, म्हणजे रॅटची, जात तयार केली, एसएचआर म्हणतात तिला, आणि जगभरचं काम त्यावर सुरू झालं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या बाउमबाख आणि हाइस्टॅड यांनी अशा रॅटच्या मेंदूतल्या आर्टेरिओलमध्ये दाखवलं की पोकळी लहान होण्याचं कारण फक्त भिंत जाड होणं नाही, बाहेरचा व्यासही कमी झालाय. मग ॲमस्टरडॅमच्या गटाने आणखी पुढची गोष्ट केली, सुटी काढलेली धमनी काही दिवस कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर पोषक द्रवात जिवंत ठेवली आणि तिला सतत आवळलेलं ठेवलं तर ती त्याच बारीक अवस्थेत स्थिर होते, नंतर स्नायू सैल केला तरी पूर्वीइतकी उघडत नाही. याच गटाने २००५ मध्ये ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या एन्झाइमचा यात हात असल्याचं दाखवलं, हे एन्झाइम प्रथिनांना एकमेकांशी पक्कं जोडतं.

प्रवाहाचंही तसंच आहे. मास्ट्रिख्टमध्ये रॅटच्या आतड्याकडे जाणाऱ्या काही धमन्या बांधून टाकल्या, म्हणजे बांधलेल्यांमधून रक्त कमी आणि शेजारच्यांमधून जास्त. चार आठवड्यांनी बघितलं तर कमी प्रवाहवाल्या आकसलेल्या आणि जास्त प्रवाहवाल्या रुंद झालेल्या, एकाच प्राण्यात, एकाच बीपीला. मला हा प्रयोग फार आवडतो कारण त्यात वाद घालायला जागाच कमी उरते. तर उत्तर काय, दोन्ही एकमेकांना ढकलतात. सुरुवात कुठून झाली हे पेशंटगणिक वेगळं असू शकतं, पण एकदा चक्र सुरू झालं की धमनीची रचना ही बीपीची साक्षीदार राहत नाही, भागीदार होते.

शुगर आणि वजनाचा संबंध आहे का?

आहे. टाइप २ डायबिटीस आणि लठ्ठपणात भिंतीचा ऐवज खरोखर वाढलेला दिसतो, म्हणजे हायपरट्रॉफिक प्रकार, आणि तो जास्त वाईट मानला जातो. दुसरं म्हणजे धमनीभोवतीची चरबी. पूर्वी सगळे ती सोलून फेकून द्यायचे आणि नुसती धमनी तपासायचे, मग कळलं की निरोगी माणसात ती चरबी धमनीला सैल ठेवणारे पदार्थ सोडते. मँचेस्टरच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की लठ्ठ माणसांत ही सोय नाहीशी होते. बॅरिॲट्रिक सर्जरीने वजन उतरल्यावर लहान धमन्यांची रचना सुधारल्याचंही इटलीतल्या कामातून दिसलंय.

गोळ्यांनी धमन्या परत पूर्वीसारख्या होतात का?

काही गोळ्यांनी सुधारतात. १९९० च्या दशकात कॅनडा आणि डेन्मार्कमध्ये पेशंटच्या त्वचेखालच्या धमन्या उपचाराआधी आणि साधारण वर्षभराच्या उपचारानंतर काढून तपासल्या. एसीई इनहिबिटर घेणाऱ्यांमध्ये रचना सुधारली, ॲटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये बीपी जवळपास तेवढंच उतरूनही रचना तशीच राहिली. लोसार्टन घेऊनही सुधारणा दिसली आणि कॅल्शियम चॅनल ब्लॉकरनेही. म्हणजे मशीनवरचा आकडा उतरणं आणि धमनी सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पण हे वाचून कुणीही स्वतःची गोळी बदलू नका, कृपया. बीटा ब्लॉकर हार्ट फेल्युअर, हार्ट ॲटॅकनंतर, ठोक्यांच्या त्रासात अशा बऱ्याच कारणांनी दिलेली असते आणि अचानक बंद केली तर धोका असतो. डॉक्टरांना विचारा, बस.

जिवंत माणसाच्या एवढ्या बारीक धमन्या मोजतात कशा?

सर्वात खात्रीची पद्धत म्हणजे कुल्ल्यावरच्या त्वचेखालच्या चरबीचा दीड सेंटीमीटरभर लांबीचा तुकडा जागा बधिर करून काढायचा आणि त्यातली धमनी शोधून मोजायची. स्नायूंच्या थराची जाडी भागिले पोकळीचा व्यास, हा मीडिया-ल्युमेन रेशो. इटलीतल्या ब्रेशाच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की हा रेशो जास्त असलेल्या पेशंटना पुढे हार्ट ॲटॅक, स्ट्रोक यांसारखे त्रास जास्त झाले. पण प्रत्येक पेशंटची बायोप्सी कोण करणार? म्हणून आता डोळ्याच्या पडद्यावरच्या धमन्यांकडे सगळ्यांचं लक्ष आहे, ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स नावाचं तंत्र खगोलशास्त्रातल्या दुर्बिणींकडून आलंय, त्याने पडद्यावरच्या धमनीची भिंतसुद्धा वेगळी दिसते. ना सुई ना चिरा.

अँजिओग्राफी नॉर्मल आली तरी आईच्या छातीत दुखतं, गॅस म्हणून सोडून द्यायचं का?

लगेच सोडू नका. अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या वरच्याच धमन्या दिसतात, त्याखालचं सगळं जाळं अदृश्य असतं. तिथे बिघाड असेल तर मोठ्या धमन्या स्वच्छ असूनही हृदयाला रक्त कमी पडू शकतं, मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना म्हणतात, आणि हा बायकांमध्ये जास्त दिसतो. कार्डिओलॉजिस्टना हे नाव घेऊन स्पष्ट विचारा. यात स्टेंटचा उपयोग नाही, धमन्या फार बारीक आणि असंख्य असतात, उपचार औषधांचाच.

रीमॉडेलिंग नेहमी वाईटच असतं का?

अजिबात नाही. गरोदरपणात गर्भाशयाच्या स्पायरल धमन्यांचं रीमॉडेलिंग झालं नाही तर बाळाला रक्तच पुरणार नाही. वारेच्या पेशी या धमन्यांत शिरतात, भिंतीतला स्नायू नाहीसा होतो आणि बारीक वळणदार धमनी रुंद, न आवळणारी होते. हे अर्धवट राहिलं की प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढतो, गरोदरपणात बीपी वाढतं आणि लघवीतून प्रोटीन जातं तो आजार. गावाकडे पायावर सूज आली की "पोटुशीला येतेच" म्हणून सोडून देतात, तसं करू नये, बीपी आणि लघवी तपासून घ्यावी.

लॅबमध्ये दिवसभर नक्की काय करता?

साधारण असा दिवस असतो. रॅटचं आतडं त्याच्या पातळ पडद्यासकट काढून सिलिकॉन ओतलेल्या डिशमध्ये थंडगार सलाइनखाली पिना लावून पसरायचं. पडद्यात धमनी आणि शीर जोडीने जातात, दोन्ही चरबीत गुंडाळलेल्या. फांदी फुटते तिथे धमनीचा कोन इंग्रजी व्ही सारखा टोकदार दिसतो आणि शिरेचा यू सारखा गोल, भिंतही धमनीची जाड. तिसऱ्या फांदीवरचा तुकडा धरायचा, मायक्रोस्कोपखाली बारीक कात्रीने चरबी सोडवायची, धमनी कुठेही न ओढता. मग साधारण दोन मिलिमीटरचा तुकडा कापून त्याच्या पोकळीतून ४० मायक्रॉनची तार सरकवायची, मग दुसरी तार. दोन्ही तारा दोन जबड्यांना स्क्रूने बांधायच्या. एक जबडा ताण मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला, दुसरा मायक्रोमीटरला.

याला वायर मायोग्राफ म्हणतात. डेन्मार्कमधल्या ऑर्हुसचे मायकेल मुलव्हनी आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटचे विल्यम हाल्पर्न यांनी १९७० च्या दशकात तो बनवला, त्याआधी एवढ्या बारीक धमनीचा ताण मोजायची फारशी सोय नव्हती, बरेच लोक महाधमनीच्या चकत्यांवर काम करून लहान धमन्यांबद्दल अंदाज बांधायचे.

पुढे बाथ, म्हणजे धमनी ज्या सलाइनमध्ये बुडालेली असते तो डबा, ३७ डिग्रीला आणायचा, ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सोडत ठेवायचं आणि नॉर्मलायझेशन करायचं, म्हणजे धमनी टप्प्याटप्प्याने ताणत १०० मिमी दाबाला तिचा घेर किती झाला असता ते काढायचं आणि त्याच्या ०.९ पटीवर तिला ठेवायचं. मग पोटॅशियम घालून ती आवळते का बघायचं आणि ॲसिटिलकोलीन घालून सैल पडते का. सैल पडली नाही तर एंडोथेलियम, म्हणजे धमनीचं आतलं पेशींचं अस्तर, तार घालताना खरवडलं गेलंय, त्या तुकड्याचं रीडिंग एंडोथेलियमच्या प्रश्नासाठी धरायचं नाही. एवढ्यात दुपार होते, खरा प्रयोग त्यानंतर.

रचना मोजायची असेल तर मात्र प्रेशर मायोग्राफ चांगला असं माझं ठाम मत आहे. त्यात धमनीची दोन्ही टोकं काचेच्या बारीक नळ्यांवर चढवून दोऱ्याने बांधतात, आतून दाब देतात आणि कॅमेऱ्याने व्यास आणि भिंत बघतात, शिवाय कॅल्शियम नसलेल्या सलाइनमध्ये स्नायू पूर्ण सैल करून मोजतात, त्यामुळे आवळणं आणि रचना यांची गल्लत होत नाही.

प्राणी न मारता हे करता येत नाही का?

काही भाग येतो. ऑपरेशनमध्ये निघणारी माणसाची ऊती वापरता येते, पेशींचं कल्चर आहे, डोळ्याची तपासणी आहे, कॉम्प्युटर मॉडेल आहेत. पण महिनोन्महिने दाब आणि प्रवाह बदलला की धमनी काय करते हे अजून तरी जिवंत प्राण्याशिवाय पूर्ण कळत नाही. भारतात सीसीएसईएची, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीची नोंदणी आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. ज्याला हे मनातून जमणार नाही त्याने आधीच पेशंटवरच्या किंवा इमेजिंगच्या प्रोजेक्टकडे जावं, त्यात काही कमीपणा नाही.

या विषयात पीएचडी कुठे करता येते?

युरोपात परंपरा जुनी आहे, डेन्मार्क, नेदरलँड्स, इटली, ब्रिटनमध्ये मँचेस्टर आणि ग्लासगो. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी योजनेतून तर सातव्या फ्रेमवर्क प्रोग्रॅमखाली, म्हणजे युनियनच्या संशोधन निधीच्या कार्यक्रमाखाली, थेट लहान धमन्यांच्या रीमॉडेलिंगवरच तरुण संशोधक तयार करायला एक जाळं चालवलं गेलं होतं. आता त्या प्रकाराला डॉक्टोरल नेटवर्क म्हणतात. एकच विषय, पाच-दहा लॅब वेगवेगळ्या देशांत, प्रत्येक लॅब एक-दोन विद्यार्थी घेते, सगळे मिळून वर्कशॉपला भेटतात आणि प्रत्येकजण काही महिने दुसऱ्या लॅबमध्ये किंवा कंपनीत काम करून येतो. एका लॅबला मायोग्राफ येतो, दुसरीला इमेजिंग, तिसरीला पेशंट, आणि हा विषय एका खोलीत बसून सुटणारच नाही, त्यामुळे मला ही पद्धत मनापासून पटते.

राष्ट्रीयत्वाची अट नाही, भारतीय अर्ज करू शकतात. स्कॉलरशिप नसते, नोकरीचा करार असतो, पगार, टॅक्स, विमा सगळं त्यात. आधी पीएचडी झालेली नसावी. आणि एक अट नीट वाचा, भरतीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे जर्मनीत दोन वर्षं मास्टर्स करून लगेच जर्मनीतल्या जागेला अर्ज केला तर चालणार नाही, नेदरलँड्सला चालेल. जागा युरॅक्सेस पोर्टलवर येतात. बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतेच, नुसत्या बी फार्मवर अडतं.

भारतात राहूनच करायचं असेल तर?

सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर, डीबीटी यांच्या जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप आहेत, जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. रक्तवाहिन्यांच्या जवळचं काम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूटमध्ये होतं. पण संस्थेचं नाव बघून जाऊ नका, त्या गाईडचे मागच्या पाच वर्षांचे पेपर उघडा आणि मेथड्समध्ये मायोग्राफ, धमनीचा व्यास, भिंतीची जाडी असं काही आहे का बघा.

गणित आणि कोडिंग येत नाही, चालेल का?

सुरुवातीला चालेल, पुढे शिकावं लागेल. इमेजजे हे फोटोंवरून मोजमाप करायचं सॉफ्टवेअर आणि थोडं आर किंवा पायथन एवढं पुरतं. स्टॅटिस्टिक्समध्ये एक गोष्ट मात्र आजपासून डोक्यात पक्की करा: एका रॅटमधून सहा धमन्या काढल्या तरी एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, एकच असतो, सहा नाही. छापून आलेल्या पेपरमध्येही हे चुकलेलं दिसतं आणि मग नसलेला फरक असल्यासारखा वाटतो.

प्रोफेसरला पहिल्या ईमेलमध्ये काय लिहू?

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट" हे नको. त्यांचा एक पेपर नीट वाचा, त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा, तुम्ही हाताने काय काय केलंय ते दोन ओळींत लिहा. एम फार्मला ऑर्गन बाथवर काम केलं असेल तर ते आवर्जून सांगा, त्याची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे, ज्याला डोस-रिस्पॉन्स कर्व्ह कळतो त्याला अर्धा मायोग्राफ आलेलाच असतो.

हात थरथरतात, जमेल का? आणि सराव कशावर करू?

बहुतेकांना जमतं, सुरुवातीला सगळ्यांचेच थरथरतात. मनगट टेबलावर पूर्ण टेकवायचं, खुर्चीची उंची आधी लावून घ्यायची, फोर्सेप्स पेनासारखी हलकी धरायची आणि सकाळी चहा-कॉफी जरा कमी. सरावासाठी प्राणी लागत नाही. मायक्रोसर्जरी शिकणारे डॉक्टर चिकनच्या मांडीवर सराव करतात, दुकानातून अख्खी तंगडी आणा, हाडाजवळ धमनी, शीर आणि नर्व्ह एकत्र जातात, त्या एकमेकांपासून सोडवा. कॉलेजचा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम. ते हाताला बसलं की तंगडीच्या खालच्या भागातल्या बारीक फांद्या घ्या, धमनीला चिमट्यात न पकडता तिच्याभोवतीचा पडदा पकडून ती सोडवायची. फांदी न तुटता दोन सेंटीमीटर मोकळी करता आली की तुम्ही तार घालायला शिकायला तयार आहात.